अवटुग्रंथीचे अस्थिर आकडे : स्वप्रतिकारजन्य विकारातील चढउतारांचा अर्थ

स्वप्रतिकारजन्य अवटुविकार जडलेल्या रुग्णाजवळ वर्षाकाठी रक्ततपासणीचे तीन-चार कागद जमतात आणि त्यांतील आकडे परस्परांशी क्वचितच जुळतात. अवटु-उद्दीपक संप्रेरकाचे, म्हणजे प्रयोगशाळेच्या कागदावर ज्यास टीएसएच म्हणतात त्याचे, प्रमाण एका वेळी ३, दुसऱ्या वेळी ८ आणि तिसऱ्या वेळी ०.३ असे येते. प्रत्येक आकड्यासरशी औषधाची मात्रा बदलली जाते. बदललेल्या मात्रेमुळे पुढचा आकडा आणखी हलतो. अशा रीतीने वर्ष-दोन वर्षे गेली म्हणजे मूळ विकारामुळे झालेला फेरफार कोणता व उपचारामुळे ओढवलेला कोणता, हे ओळखणे दुर्घट होऊन बसते. ह्या अस्थिरतेची कारणे वेगवेगळी करून पाहणे व त्यांचा विचार कोणत्या क्रमाने करावा हे ठरविणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हा प्रश्न मूठभर लोकांचा नव्हे. मुंबई व गोवा यांसह भारतातील आठ ठिकाणच्या ५,३७६ प्रौढांची पाहणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. तीत सुमारे ११ टक्के व्यक्तींत अवटुन्यूनता आढळली, आणि अवटुग्रंथीच्या पेरॉक्सिडेज ह्या विकराविरुद्धचे प्रतिपिंड सुमारे २२ टक्के व्यक्तींच्या रक्तात सापडले. प्रतिपिंड असलेल्या प्रत्येकास विकार जडतोच असे नाही. तथापि आकड्यांच्या चढउताराशी ज्यांचा आज ना उद्या संबंध येऊ शकेल अशांची संख्या किती मोठी आहे, याची कल्पना ह्यावरून येते.

विकाराचे स्वरूप

१९१२ साली जपानमधील क्यूशू येथील शल्यविशारद हाकारू हाशिमोतो यांनी एका जर्मन नियतकालिकात चार स्त्रियांच्या अवटुग्रंथींचे वर्णन प्रसिद्ध केले. ग्रंथी वाढलेली होती, परंतु तिच्यात लसीकापेशींची दाटी झालेली होती आणि मूळच्या पेशी क्षीण झालेल्या होत्या. ही दाटी कशामुळे होते याचा उलगडा व्हावयास चव्वेचाळीस वर्षे लागली. शरीर स्वतःच्याच घटकांविरुद्ध प्रतिपिंड निर्माण करणार नाही, ही पॉल एर्लिख यांच्या काळापासूनची समजूत दृढ होती. १९५६ साली ती ढासळली. लंडनमध्ये आयव्हन रॉइट, डेबोरा डोनिआक व त्यांचे सहकारी यांना हाशिमोतो-विकाराच्या रुग्णांच्या रक्तात थायरोग्लोब्युलिनविरुद्ध प्रतिपिंड आढळले. त्याच वर्षी अमेरिकेतील बफलो येथील नोएल रोझ व अर्नेस्ट विटेब्स्की यांचे प्रयोग प्रसिद्ध झाले. त्यांत सशांना अवटुग्रंथीचा अर्क टोचून त्यांच्या ग्रंथींत तशाच स्वरूपाचा दाह उत्पन्न केला होता. न्यूझीलंडमध्ये ॲडम्स व पर्व्हस यांना अवटु-आधिक्याच्या रुग्णांच्या रक्तात ग्रंथीस दीर्घकाळ चेतविणारा पदार्थ सापडला, तोही त्याच वर्षी. हा पदार्थही एक प्रतिपिंडच असल्याचे पुढे सिद्ध झाले.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावयास हवी. एकच प्रतिकारव्यवस्था तीन निरनिराळ्या प्रकारांनी ग्रंथीवर परिणाम घडविते. काही पेशी ग्रंथीचा नाश करतात, काही प्रतिपिंड ग्रंथीस चेतवितात, तर काही प्रतिपिंड तिचे कार्य रोखून धरतात. ह्या तिहींचे परस्परांतील प्रमाण कालांतराने बदलू शकते. खऱ्या चढउतारांचे मूळ ह्यात आहे.

आकड्याचे गणित

अवटुग्रंथी मुख्यतः थायरॉक्सिन स्रवते, आणि मेंदूच्या तळाशी असलेली पोषग्रंथी रक्तातील त्याच्या प्रमाणावर लक्ष ठेवून उद्दीपक संप्रेरक कमी-अधिक करते. ह्या दोहोंतील नाते सरळ प्रमाणाचे नाही. ते ढोबळमानाने लॉगरिथमी आहे. रक्तातील मुक्त थायरॉक्सिन निम्म्यावर आले तर उद्दीपक संप्रेरक दुप्पट न होता सुमारे शंभरपट वाढते. ह्याच हिशेबाने पाहिल्यास उद्दीपक संप्रेरक दुप्पट होण्यास थायरॉक्सिनमध्ये केवळ एक-दशांशाची घट पुरते. म्हणजे कागदावर ३ चे ८ झालेले पाहून रुग्णाला धक्का बसतो, पण त्यामागील थायरॉक्सिनची घट सुमारे चौदा टक्क्यांची असू शकते. उद्दीपक संप्रेरकाची कसोटी फार संवेदनशील आहे, हा तिचा गुण होय. परंतु तिचे आकडे फूटपट्टीवरील आकड्यांप्रमाणे वाचले म्हणजे हाच गुण दिशाभूल करणारा ठरतो.

दुसरे गणित काळाचे आहे. थायरॉक्सिनचे रक्तातील अर्धायुष्य सुमारे सात दिवसांचे आहे. मात्रा बदलल्यानंतर एका आठवड्यात अपेक्षित बदलाचा निम्मा भाग घडून येतो, दोन आठवड्यांत पाऊण, तीन आठवड्यांत सुमारे सत्त्याऐंशी टक्के, आणि पाच आठवड्यांनी सत्त्याण्णव टक्के. पोषग्रंथी त्याच्याही मागून येते. म्हणूनच मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांपूर्वी केलेली तपासणी जुन्या मात्रेचे चित्र दाखवीत नाही आणि नव्या मात्रेचेही दाखवीत नाही. दहाव्या दिवशीचा आकडा पाहून मात्रा पुन्हा बदलणे म्हणजे लंबक स्थिर होण्यापूर्वीच त्यास नवा हेलकावा देण्यासारखे आहे. दीर्घकाळ अवटु-आधिक्य भोगलेल्या रुग्णात तर थायरॉक्सिन समपातळीवर आल्यानंतरही पोषग्रंथी कित्येक आठवडे, प्रसंगी काही महिने, दबलेलीच राहते. अशा वेळी मुक्त थायरॉक्सिनचा आकडा पाहिल्यावाचून निर्णय घेणे योग्य ठरत नाही.

ग्रंथीतील खरे फेरफार

हाशिमोतो-विकाराची सर्वसामान्य गती मंद असते. ईशान्य इंग्लंडमधील व्हिकहॅम येथे १९७२ साली पाहणीस प्रारंभ झाला आणि तेथील रहिवाशांचा वीस वर्षांनंतरचा वृत्तांत १९९५ साली प्रसिद्ध झाला. ज्या स्त्रियांच्या रक्तात प्रारंभी प्रतिपिंड होते व उद्दीपक संप्रेरकही वाढलेले होते, त्यांच्यापैकी दरवर्षी सुमारे ४.३ टक्के स्त्रियांना पूर्ण अवटुन्यूनता जडली. ज्यांच्या ठायी केवळ प्रतिपिंड होते त्यांच्या बाबतीत हे प्रमाण २.१ टक्के होते. ग्रंथी हळूहळू खचत जाते व औषधाची गरज वर्षागणिक थोडीथोडी वाढते, हा नेहमीचा क्रम होय. महिन्या-दोन महिन्यांत आकडा उसळी घेत असेल, तर त्याचे कारण केवळ ग्रंथीच्या ऱ्हासात शोधून भागत नाही.

तथापि खऱ्या उसळ्याही असतात. दाह तीव्र असता ग्रंथीतील साठा फुटून रक्तात येतो आणि काही आठवडे अवटु-आधिक्याची लक्षणे दिसतात. साठा संपला की न्यूनता येते. प्रसूतीनंतरच्या वर्षात हा प्रकार विशेष घडतो. पहिल्या काही महिन्यांत आधिक्य, मागाहून न्यूनता, आणि पुष्कळ स्त्रियांत वर्षअखेर पूर्वस्थिती, असा त्याचा क्रम असतो. ह्या आधिक्यात ग्रंथी नवे संप्रेरक अधिक बनवीत नसल्याने ते बनविणे थांबविणाऱ्या औषधांचा तेथे उपयोग नाही. रोधक प्रतिपिंडांची गोष्ट आणखी निराळी आहे. ते नाहीसे झाल्यावर काही रुग्णांची अवटुन्यूनता आपोआप ओसरल्याचे जपानी संशोधकांनी १९९२ साली दाखविले. उलटपक्षी चेतक प्रतिपिंडांचे आधिक्य जाऊन रोधक प्रतिपिंडांचा अंमल सुरू झाला म्हणजे आधिक्याच्या रुग्णास न्यूनता येते.

आयोडीनचाही येथे विचार करावा लागतो. अतिरिक्त आयोडीन मिळाल्यावर ग्रंथी काही काळ संप्रेरकनिर्मिती थांबविते, हे वुल्फ व चायकॉफ यांनी १९४८ साली दाखविले. निरोगी ग्रंथी थोड्याच दिवसांत त्यातून सावरते. दाहग्रस्त ग्रंथीस ते नेहमी साधत नाही. हृदयविकारावरील अमिओडॅरोन, क्ष-किरण परीक्षेत टोचले जाणारे आयोडीनयुक्त द्रव्य आणि समुद्रशैवालाचे पदार्थ ही अशा अतिरिक्त आयोडीनाची प्रमुख साधने होत. रोजच्या जेवणातील आयोडीनयुक्त मिठाची गणना त्यांत होत नाही, म्हणून ते वर्ज्य करण्याचे कारण नाही.

गोळी व पोट

पूर्ण न्यूनतेच्या प्रौढ रुग्णास थायरॉक्सिनची मात्रा शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे सुमारे १.६ मायक्रोग्रॅम लागते. रिकाम्या पोटी घेतलेल्या गोळीचा सुमारे ७० ते ८० टक्के अंश शोषला जातो, आणि हा अंश दैनंदिन सवयींनुसार बदलतो. लोह व कॅल्शियम यांच्या गोळ्या थायरॉक्सिनला आतड्यात अडकवून ठेवतात. त्यांच्यात व ह्या गोळीत चार तासांचे अंतर असावे लागते. कॉफीने शोषण घटते. सोयाबीनचे पदार्थ व जठरातील आम्ल कमी करणारी औषधे यांचाही असाच परिणाम होतो. दुधाच्या चहाबरोबर गोळी गिळणारा रुग्ण एखाद्या महिन्यात उपवासामुळे ती कोऱ्या पाण्याबरोबर घेऊ लागला, तर मात्रा तीच राहूनही शरीरास मिळणारे औषध बदलते.

जठरातील आम्ल कमी असल्यास थायरॉक्सिनची गरज वाढते, हे इटलीतील संशोधकांनी २००६ साली दाखविले. हाशिमोतो-विकाराच्या रुग्णांत जठराचा स्वप्रतिकारजन्य दाह व गव्हातील ग्लुटेन न सोसणारा आतड्याचा विकार हे दोन्ही इतरांपेक्षा अधिक आढळतात. म्हणून नेमाने गोळी घेऊनही मोठी मात्रा अपुरी पडत असेल, तर पोटाची तपासणी करावी. मात्रा वाढवीत नेणे हा त्यावरील उपाय नव्हे.

विसरलेल्या गोळ्यांमुळे एक चमत्कारिक चित्र निर्माण होते. महिनाभर अनियमित राहिलेला रुग्ण तपासणीपूर्वी आठ-दहा दिवस नेमाने गोळी घेतो. मुक्त थायरॉक्सिन चटकन वर येते, उद्दीपक संप्रेरक मात्र मागील महिन्याची साक्ष देत उंचच राहते. हे दोन आकडे एकमेकांविरुद्ध बोलू लागले की पहिला प्रश्न गोळीच्या नेमाविषयीच विचारावा. आणि तो दरडावून न विचारता सहज विचारावा, म्हणजे खरे उत्तर मिळते. साठवणही महत्त्वाची आहे. ही गोळी उष्णता, प्रकाश व दमट हवा यांनी क्षीण होते. शंभर गोळ्यांची बाटली स्वयंपाकघरातील फडताळावर पावसाळाभर उघडझाप होत राहिली, तर शेवटच्या गोळ्यांचे सामर्थ्य पहिल्याइतके राहीलच असे नाही.

मापनातील फरक

उद्दीपक संप्रेरक मध्यरात्रीनंतर उच्च असते व दुपारी उतरते. एक तपासणी सकाळी सातला व दुसरी दुपारी दोनला केली, तर ग्रंथी तीच असूनही आकडे निराळे येतात. प्रयोगशाळा बदलली की मापनपद्धती बदलते. मोठ्या आजारात हे संप्रेरक घटते व बरे होत असता काही काळ वाढते. म्हणून अत्यावश्यक नसल्यास ज्वर वा शस्त्रक्रिया यांच्या पाठोपाठ तपासणी करू नये. केस व नखे यांच्यासाठी हल्ली मोठ्या मात्रेत घेतले जाणारे बायोटिन अनेक मापनपद्धतींत थेट ढवळाढवळ करते. उद्दीपक संप्रेरक खोटे कमी व थायरॉक्सिन खोटे अधिक दिसून नसलेल्या अवटु-आधिक्याचा भास होतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ साली याविषयी जाहीर इशारा दिला. असे बायोटिन तपासणीपूर्वी निदान दोन दिवस थांबवावे लागते, आणि मात्रा फार मोठी असल्यास त्याहूनही अधिक.

निरोगी व्यक्तीतही हे आकडे स्थिर नसतात. डेन्मार्कमध्ये सोळा निरोगी पुरुषांचे रक्त वर्षभर दरमहा तपासले गेले. त्याचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. प्रत्येक व्यक्तीचे आकडे तिच्या स्वतःच्या एका पट्ट्यात हलत होते, आणि हा पट्टा प्रयोगशाळेने छापलेल्या मर्यादांच्या सुमारे निम्म्या रुंदीचा होता. ह्या निरीक्षणातून दोन निष्कर्ष निघतात, आणि ते प्रथमदर्शनी परस्परविरोधी वाटतात. छापील मर्यादेच्या आतील लहान फेरफार हा विकाराचा पुरावा नव्हे, हा पहिला. छापील मर्यादेत असलेला आकडा प्रत्येक व्यक्तीस योग्यच असतो असेही नाही, हा दुसरा. रुग्णाची तुलना शक्यतो त्याच्या स्वतःच्या पूर्वीच्या आकड्यांशी करावी, असा ह्या दोहोंचा समन्वय आहे. वयाचाही विचार करावा लागतो. ऐंशी वर्षांनंतर ७ च्या आसपासचा आकडा निरोगी माणसांतही आढळतो.

विलंब जेथे परवडत नाही

वर सहा आठवडे थांबण्याचा नियम सांगितला, त्यास गर्भारपण हा मोठा अपवाद आहे. पहिल्या तिमाहीत गर्भाच्या मेंदूची वाढ मातेच्या थायरॉक्सिनवर अवलंबून असते, कारण गर्भाची स्वतःची ग्रंथी अद्याप कार्यक्षम झालेली नसते. मातेची गरज पाचव्या आठवड्यापासूनच वाढू लागते व गर्भारपणाच्या पूर्वार्धात ती सरासरीने जवळजवळ निम्म्याने अधिक होते, असे बॉस्टन येथील संशोधकांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसून आले. निरोगी ग्रंथी ही वाढ स्वतः पुरवते. दाहग्रस्त ग्रंथी पुरवू शकत नाही. म्हणून थायरॉक्सिन घेणाऱ्या स्त्रीने गर्भधारणा कळताच आठवड्यास सातऐवजी नऊ गोळ्या घ्याव्यात व तत्काळ वैद्यास भेटावे, असा सल्ला आज आधीपासून देऊन ठेवला जातो. पुढे अर्धा काळ लोटेपर्यंत दर चार आठवड्यांनी तपासणी करतात.

आपल्याकडे गर्भवतीस लोह व कॅल्शियम यांच्या गोळ्या सर्रास दिल्या जातात, आणि त्या आवश्यकही आहेत. परंतु थायरॉक्सिनची गरज ज्या महिन्यांत सर्वाधिक वाढते, नेमक्या त्याच महिन्यांत त्याचे शोषण रोखणाऱ्या ह्या दोन गोळ्या तिच्या हाती पडतात. तिन्ही गोळ्या सकाळी एकदम घेतल्या गेल्या तर वाढविलेली मात्राही व्यर्थ जाण्याचा संभव आहे. सकाळी उपाशीपोटी थायरॉक्सिन, दुपारी जेवणानंतर लोह, रात्री कॅल्शियम, एवढी साधी विभागणी पुरेशी होते. मात्र ती कोणीतरी समजावून सांगावी लागते.

विचाराचा क्रम

वरील विवेचनावरून अनपेक्षित आकडा हाती आल्यावर विचारावयाच्या प्रश्नांचा क्रम निश्चित करता येतो. मागील मात्राबदलास किती आठवडे झाले? गोळी नेमाने, त्याच वेळी व रिकाम्या पोटी घेतली गेली काय? नवे औषध, पूरक जीवनसत्त्व किंवा गोळीची निराळी बनावट सुरू झाली काय? रक्त कोणत्या वेळी व कोणत्या प्रयोगशाळेत दिले? मध्यंतरी आजार, गर्भधारणा, प्रसूती किंवा वजनात मोठा फरक झाला काय? ह्यांची उत्तरे समाधानकारक आल्यानंतरच ग्रंथी स्वतः बदलली, असे मानावे. लक्षणे सौम्य असतील तर एकाच आकड्यावर विसंबण्याऐवजी तीच तपासणी समान परिस्थितीत पुन्हा करावी.

मात्रा बदलणे आवश्यक ठरलेच तर ती अल्प प्रमाणात बदलावी. औषधाचे अर्धायुष्य सात दिवसांचे असल्याने रोजच्या गोळीपेक्षा आठवड्याची बेरीज महत्त्वाची असते. पाच दिवस ७५ व दोन दिवस १०० मायक्रोग्रॅम घेतल्यास आठवड्याची बेरीज ५७५, म्हणजे दिवसाची सरासरी सुमारे ८२ होते. मोठ्या उड्या टाळण्याचा हा सोपा मार्ग आहे. एखाद्या दिवशी गोळी राहिली तर तरुण व हृदयविकार नसलेल्या रुग्णाने दुसऱ्या दिवशी ती भरून काढण्यास सामान्यतः हरकत नसते. वृद्ध व हृदयरोगी यांनी वैद्यास विचारूनच तसे करावे. प्रतिपिंडांचे प्रमाण पुनःपुन्हा मोजल्याने मात्रा ठरविण्यास मदत होत नाही. निदान निश्चित झाल्यावर तो खर्च वाचवावा.

आकड्यास घाबरून मात्रा वाढवीत नेण्याची किंमत लहान नसते. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथील साठ वर्षांवरील रहिवाशांचा वृत्तांत १९९४ साली प्रसिद्ध झाला. ज्यांचे उद्दीपक संप्रेरक ०.१ किंवा त्याहून कमी होते, त्यांच्यात दहा वर्षांच्या अवधीत हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडण्याचे प्रमाण इतरांच्या सुमारे तिप्पट आढळले. रजोनिवृत्त स्त्रियांत अशा अतिउपचाराने हाडेही झिजतात. उलट बाजूस, आकडा नीट आहे एवढ्यावरून रुग्णाचा थकवा काल्पनिक ठरवणे हेही तितकेच चुकीचे आहे. रक्तक्षय, ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, आतड्याचा विकार व झोपेतील श्वासरोध हे ह्या रुग्णांत शोधावयास हवेत. त्यांतील काही तर त्याच स्वप्रतिकाराची भावंडे आहेत. शिवाय आकडा सुधारल्यावर शरीरास सावरण्यास आणखी काही आठवडे लागतात, हे रुग्णास आधीच सांगितलेले असावे.

ह्या सर्वांस उपयोगी पडणारे साधन अगदी स्वस्त आहे. तपासणीची तारीख व वेळ, प्रयोगशाळेचे नाव, त्या दिवशीची गोळी रक्त देण्यापूर्वी घेतली की नंतर, चालू मात्रा, इतर औषधे व मधल्या काळातील आजार, एवढ्या नोंदी असलेली एक वही रुग्णाने बाळगावी. अशा वहीतील सहा ओळी नुसत्या सहा आकड्यांपेक्षा अधिक सांगतात. प्रयोगशाळांनीही आपल्या कागदावर रक्त घेतल्याची वेळ व मापनपद्धती ठळकपणे छापावी; कारण मात्रा बदलण्याचा निर्णय ज्या कागदावरून व्हावयाचा, त्यावर त्या निर्णयास लागणारी माहितीही असली पाहिजे.